अ‍ॅप कमलला "अरेरे" म्हणालं

"शून्य म्हणजे शून्य, आजी! त्यात पाव शून्य, अर्धं शून्य असं काही नसतं!"

"आणि ते 'अरेरे'? ते कोणी लिहिलं? त्याला आधी माझ्यासमोर उभा कर!"

"मीच लिहिलंय."

"मग उभा राहा!"

निखिल आधीपासूनच उभा होता. सहा फुटांचा बाप्या, त्याला आणखी किती उभं करणार! बोरिवलीतल्या त्यांच्या ऑफिसात मंगळवारी सकाळी माझं आणि त्याचं हे भांडण चाललेलं. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते खुर्चीतल्या पेशंटला म्हणाले म्हणे, "घाबरू नका, ओरडणं वरून येतंय."

प्रकरण असं. ऋतुजा आणि हा निखिल, दोघं मिळून फोनसाठी एक अ‍ॅप बनवतात. चांगल्या सवयी लावा, मूड नोंदवा, डायरी लिहा, थोडक्यात स्वतःकडे बघा. स्क्रीनवर काय दिसायचं ते ऋतुजा ठरवते, आतलं मशीन निखिल चालवतो. सवय पाळली की टिक करायची, अ‍ॅप दिवस मोजतं. एक दिवस चुकला की शून्य.

माझ्या बिल्डिंगमधली कमल. साखर वाढली म्हणून रोज संध्याकाळी कंपाउंडमध्ये अर्धा तास चालायला लागली. घरातून हाक मारल्याशिवाय बाहेर न येणारी बाई, सत्त्याण्णव दिवस चालली! शंभराव्या दिवशी स्क्रीनवर फुलं पडतात, असं ऋतुजाने सांगितलेलं. कमलने ती फुलं बघायला आख्ख्या विंगला शिऱ्याचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. आणि अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी गावाहून फोन आला, थोरले दीर गेले. मालवणकडचं गाव. तेरा दिवस ही तिकडे. परत आली, फोन उघडला, तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत:

"० दिवस. अरेरे! चला, पुन्हा सुरुवात करूया!"

कमलने फोन ठेवून दिला. ती कधीच काही बोलत नाही. पण त्या दिवसापासून खाली उतरली नाही. चालायचे बूट पलंगाखाली सरकवले ते सरकवलेच.

शुक्रवारी हे अ‍ॅप सगळ्या दुनियेला खुलं होणार होतं. मी सांगून टाकलं, "गुरुवारपर्यंत ते शून्य गेलं पाहिजे. नाहीतर माझ्या बिल्डिंगच्या बावीस बायका अ‍ॅप काढून टाकतील आणि त्यांच्याबरोबर मी. या बायकांना माझ्या शब्दावर आणलंय. मला त्याच जिन्याने चढायचं-उतरायचं असतं!"

आता बावीस बायका आणि दोन शिकलेली पोरं एकत्र आली की किस्से साठणारच. मी कधी लिहून ठेवले नाहीत. बटणांच्या डब्यासारखं आहे ते. एक बटण शोधायला डबा उघडावा, तर ते सोडून बाकीची चाळीस हाताला लागतात. भांडणाचा निकाल लागायला गुरुवार उजाडावा लागला. तोवर ही चाळीसातली काही बघा.

*

मी चौथी पास. पुढचं माझं मी शिकले, त्यात कोणाचे उपकार नाहीत. तीस वर्षं ब्लाउज शिवले आणि शिकवले. इंग्रजी वाचायला शिकले ती शिलाई मशीनबरोबर आलेल्या पुस्तकावरून. स्मार्टफोन शिकले तो तीनदा बंद पाडून. चौथ्यांदा तो घाबरला आणि सरळ चालायला लागला.

तर ऋतुजा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आली. गोड पोरगी, केस वर बांधलेले, त्यात पेन्सिल खोचलेली. म्हणाली, "आम्हाला तुमच्यासारखे युजर हवेत." सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं. उघडल्याबरोबर पहिलं वाक्य: "चला, अंतर्मनाच्या प्रवासाला निघूया."

शांताने घड्याळ बघितलं. "किती वेळ लागेल गं? साडेपाचला पाणी येतं."

मी ऋतुजाला विचारलं, "हे मराठी कोणी लिहिलंय?"

"एका एजन्सीकडून करून घेतलंय, आजी."

"त्यांच्या घरी आई आहे का?"

"असेल ना."

"तिला एकदा वाचून दाखवायला सांग. कानाखाली बसली की वाक्य आपोआप सरळ होतं."

पुढच्या सोमवारी मी त्यांच्या ऑफिसात बसलेली होते. चहा येतो, पंखा चांगला आहे. माझ्या नावापुढे काय पद लिहायचं म्हणून पोरं फार वेळ चर्चा करत होती. मी म्हटलं, "सुलाबाई लिहा. ते पद मला पुरतं."

*

अ‍ॅपमध्ये पाच चेहरे आहेत. अगदी हसरा, थोडा हसरा, ठीक, थोडा रडका, अगदी रडका. रोज विचारायचं, "आज कसं वाटतंय?" आणि बाईने एक चेहरा दाबायचा.

दोन आठवडे झाले. निखिल डोकं धरून बसला. "आजी, सिस्टिमची वाट लागलीय. बावीस बायका, चौदा दिवस, सगळ्यांचं उत्तर 'ठीक'. ग्राफ बघा, फूटपट्टीने ओढल्यासारखा!" दोन दिवस तो बिचारा मशीनमधली चूक शोधत होता.

मी बायकांना विचारलं. मंगल म्हणाली, "हसरा दाबला आणि दृष्ट लागली तर?"

"मग रडका दाब."

"रडका दाबला आणि धाकट्या मुलाने बघितला, तर तो नाशिकहून येऊन बसेल. त्याला पोळ्या कोण घालणार?"

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, "मशीन ठीक आहे. प्रश्न चुकलाय. बाईला कसं वाटतंय विचारलं की ती 'ठीक'च म्हणते. आयसीयूत असली तरी ठीक म्हणते. तिला विचारा, 'आज कोणावर चिडलात?'"

ऋतुजा हसली, पण तिने घातला तो प्रश्न. दुपारी बारा वाजता सुरू केला.

पावणेएकला मशीन खरोखर बंद पडलं.

*

आभारांचा किस्सा तर बिल्डिंगमध्ये अजून सांगतात.

अ‍ॅप म्हणालं, "आज घरातल्या एका व्यक्तीला मनापासून थँक यू म्हणा." आता आपल्याकडे घरात थँक यू कोण म्हणतं? दुकानदाराला म्हणतो, रिक्षावाल्याला म्हणतो. नवऱ्याला म्हणायला तो काय सुट्टे देतोय?

पण शांता शिस्तीची. नवरा संध्याकाळी पेपर वाचत बसलेला. ही जाऊन समोर उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याबद्दल थँक यू."

त्याच्या हातातला पेपर गळाला. एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "रिपोर्ट आले का? मला का नाही सांगितलं? किती दिवस दिलेत डॉक्टरांनी?"

शांता म्हणाली, "अहो, काही झालं नाही मला."

"मग मला काय झालंय?"

रात्रीच्या जेवणाच्या आत त्याने दोन्ही मुलींना बोलावून घेतलं. डोंबिवलीची जावयासकट आली!

*

ऋतुजाला वाटलं, नुसते आकडे रुक्ष दिसतात. म्हणून तिने स्क्रीनवर एक रोप ठेवलं. रोज टिक केली की रोप वाढणार, चुकलं की सुकणार. डिझाइन झकास होतं, खोटं कशाला बोलू. फक्त रोप कुठलं, तर तुळस! आपल्या संस्कृतीतलं काहीतरी हवं ना, म्हणून.

आम्ही बौद्ध. माझ्या दारात तुळस नाही. पण मी तीस वर्षं या बायकांची मापं घेतलीत, त्यांच्या दारातली तुळस सुकली की घरात काय होतं ते मला पाठ आहे. मी ऋतुजाला म्हटलं, "हे नको करू." ती म्हणाली, "आजी, सिंबॉलिक आहे."

तिसऱ्या दिवशी मंगलची टिक राहिली. सकाळी फोन उघडला तर तुळस मान टाकलेली, पानं पिवळी. बाईने किंकाळी फोडली. मग फोनच उचलून खिडकीत उन्हाला ठेवला. सून म्हणाली, "आई, ती खरी नाही." मंगल म्हणाली, "अशुभ खरं असतं ना?" दुपारपर्यंत तिने फोनला हळद-कुंकू लावलं होतं. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं.

ऋतुजा धावत आली, माफी मागितली, फोन दुरुस्त करून दिला. परत जाताना रिक्षात मला म्हणाली, "आजी, मरणार नाही असं कुठलं झाड असतं?"

"कोरफड. उपटून छपरावर टाकली तरी जगते."

आता अ‍ॅपमध्ये कोरफड आहे. ती कधीच सुकत नाही. नुसती बघत राहते.

*

ध्यानाच्या भागात एका गृहस्थांचा आवाज होता. अगदी मऊ, अगदी हळू. "श्वास... आत... घ्या..." म्हणून थांबायचे ते थांबायचेच. मागे बासरी.

पहिल्या दिवशी बायका हॉलमध्ये डोळे मिटून बसल्या. एक मिनिट झालं. शांताने एक डोळा उघडला. "सुला, यांना बरं नाहीये का गं?"

दुसरी म्हणाली, "उठवा कोणीतरी त्यांना."

तिसरी घोरत होती.

निखिल म्हणाला, "आजी, तुम्ही ट्राय करा ना." मला वाटलं, मस्करी करतोय. त्याने खरंच माइक लावला. समोर कागद होता, पण तो मी बघितला नाही. मी तीस वर्षं क्लास घेतलाय, मला कागद लागत नाही. मी म्हटलं:

"डोळे मीट. मीट म्हटलं ना! गॅस बंद केलास का? केलास. मी बघितलं. आता दुधाकडे लक्ष नको. पाठ सरळ. श्वास आत घे. अजून घे, फुकट आहे. आता सोड. कोणाचं नाव घेत सोडायचा ते तुझं तू ठरव."

आख्ख्या अ‍ॅपमध्ये आता तेच सगळ्यात जास्त ऐकतात. नागपूरच्या एका बाईने लिहून पाठवलं, "ध्यान छान झालं. उठायची भीती वाटली म्हणून पंधरा मिनिटं जास्त बसले."

*

मग ऋतुजाच्या डोक्यात आलं की सगळ्यांना गोराईला न्यायचं. 'माइंडफुल वॉक'. म्हणजे काय, तर दहा मिनिटं एक अक्षर न बोलता चालायचं आणि आजूबाजूचं मनात साठवायचं.

होडीतून पलीकडे गेलो. होडीत काही गप्प बसणं जमलं नाही, तो वेळ मोजायचाच नाही असं ठरलं. गावात शिरताना ऋतुजाने हात वर केला, "सुरू!" आणि विश्वास ठेवा, बावीस बायका गप्प झाल्या! नुसत्या चपलांचे आवाज. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. निखिल लांबून व्हिडिओ काढत होता.

पाच मिनिटांनी ओळ हळूच डावीकडे वळली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. सगळ्या आपोआप. ऋतुजा खुणा करतेय, "सरळ, सरळ!" कोणी बघेना. तिलाच बोलायची बंदी!

दहा मिनिटं संपली. सगळ्यांना गोल बसवून तिने विचारलं, "चालताना तुमचं मन कुठे गेलं? आतून काय जाणवलं?"

बावीस पिशव्या वर झाल्या.

"बोंबील!"

सुकवलेले, ताजे, खमंग वासाचे. आणि भाव केलेला खुणांनी. एकही अक्षर न बोलता. नियम मोडला म्हणायची सोय नाही! परतीच्या होडीत बाकीच्या लोकांनी आमच्यासाठी आपोआप जागा करून दिली.

*

डायरीला निखिलने कुलूप बसवलं होतं. बोटाचा ठसा लावल्याशिवाय उघडणार नाही. फार अभिमान त्याला त्या कुलपाचा. "आजी, तुमच्या मनातलं जगात कोणी वाचू शकणार नाही!"

आठवड्याने मंगलची तक्रार आली, कुलूप काढा.

निखिल समजवायला तिच्या घरी गेला. "काकू, ही प्रायव्हसी आहे. तुमच्या सुरक्षेसाठी आहे."

"अरे, पण कुलूप लावलं तर सून वाचणार कशी?"

मंगलच पुढे म्हणाली, "तोंडावर बोलले तर भांडण होतं. म्हणून मी लिहिते आणि फोन डायनिंग टेबलावर ठेवून अंघोळीला जाते. आता ठसा मागतो तो. मी काय बोट काढून ठेवू टेबलावर?"

काढलं कुलूप. त्या दिवशी मंगलने लिहिलं, "या घरात सकाळची भांडी कोण घासतं ते कोणाला दिसत नाही." अंघोळ करून आली, तर खाली उत्तर होतं. "आई, आजची मी घासली. तुम्ही फोन बघत होतात."

सहा वर्षांत दोघींचं एवढं बोलणं झालं नव्हतं. आता सून त्यातच विचारते, भाजी कुठली करू. मंगल समोरच्याच खोलीत असते.

*

आता गुरुवार.

मंगळवार आणि बुधवार माझं आणि निखिलचं जुंपलेलं होतं. मी म्हणायची, "माणूस मेल्यावर मोजणी थांबव." तो म्हणायचा, "मशीनला कोण मेलं ते कसं कळणार?" ऋतुजा मधे पेन्सिल चावत बसलेली.

बुधवारी संध्याकाळी निखिल एकदम आवाज उतरवून बोलला. "आजी, मी सिगरेट सोडली ती याच शून्यामुळे. हे अ‍ॅप पहिलं बनवलं ते स्वतःसाठी. दोनदा हातात पाकीट घेतलं होतं. आकडा शून्य होईल म्हणून ठेवून दिलं. ते शून्य काढलं तर माझ्यासारख्याला धरणार कोण?"

माझं तोंड बंद झालेलं ऋतुजाने पहिल्यांदाच बघितलं, तिने उठून मला पाणी दिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. पण कमलचे बूट पलंगाखाली होते, तेही खोटं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी कमलला घेऊन ऑफिसात गेले. ती येत नव्हती. "मी काय बोलणार गं, सुलाताई? तिथे सगळी शिकलेली." मी म्हटलं, "तू बोलू नको. नुसती बस. बोलायला मी आहे." जिन्यात तिला सांगितलं, "मी डोळ्याने खूण केली की रड."

ती काही रडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. ऋतुजाने चहा दिला तर म्हणाली, "बिनसाखरेचा आहे ना?"

निखिल तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. पोरगा आईबापांनी नीट वाढवलेला आहे, ते मला कबूल करावंच लागेल. हळू आवाजात म्हणाला, "काकू, 'अरेरे' मी काल रात्रीच काढून टाकलं. ते चुकलंच माझं. पण शून्याचं तुम्हीच सांगा. तेरा दिवस खंड पडला ना? आमच्या हिशोबाने सवय तुटली. तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला माहितेय. पण तुटली ती तुटली. पुन्हा पहिल्यापासून लावायला नको का?"

मी तोंड उघडलं. दोन दिवस तयार करून ठेवलेलं भाषण होतं माझ्याकडे, त्यात त्याच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होता. आणि कमलने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या शेजारात तिने मला कधी अडवलं नव्हतं. मी भाषण गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याचा मला अजून थोडा राग आहे, कारण भांडण मी लढले आणि संपवलं तिने.

तिने चहाचा कप खाली ठेवला. निखिलकडे बघितलं, आपल्या पोटच्या पोराकडे बघावं तसं, आणि म्हणाली,

"भावोजी गेले तेव्हा तीन दिवस घरात चूल पेटली नव्हती, झिला, म्हणून काय मी रांधायला विसरले?"